जेवणाच्या खुर्च्यांची अपहोल्स्ट्री: कापड, लेदर की रेक्झीन, कसं ठरवायचं

जेवणाच्या खुर्चीचं कव्हर बहुतेक वेळा दोन जागी आधी जातं. पहिली जागा सीटची पुढची कड. बसता-उठताना मांड्यांचं घर्षण सगळं तिथेच होतं. दुसरी जागा पाठीचा वरचा काठ. खुर्ची ओढायला हात तिथेच जातो, आणि जेवणाच्या टेबलाशी तो हात स्वच्छ असेलच असं नाही. सीटचा मधला भाग या दोन्ही जागांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

शिवाय सोफ्यावर सांडणं हा अपघात असतो, जेवणाच्या खुर्चीवर तो रोजचा हिशेब. म्हणजे कव्हर झिजतं त्यापेक्षा जास्त ते पुसलं, घासलं, ओलं केलं जातं. पुष्कळशी चांगली, महागडी कापडं बसण्याने नव्हे, तर या साफसफाईने खराब होतात. म्हणून रंग आणि पोत बघण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: खुर्चीची बांधणी कोणतं कापड पेलेल आणि ते कापड कशाने, किती वेळा पुसलं जाणार आहे. रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की सहा खुर्च्यांचं काम वर्षभरात परत करायची वेळ येते.

आधी खुर्ची उलटी करून बघा

खुर्ची टेबलावर पालथी घाला आणि सीट कशी बसवली आहे ते पाहा. खालून चार स्क्रू काढले की सीट सुटी होत असेल, तर काम सगळ्यात सोपं. कोणतंही कापड चालतं, शिवण लागत नाही, आणि पुढे कधी बदलायचं झालं तर घरीही जमतं.

दुसरा प्रकार दिसायला तसाच, पण सीट चौकटीच्या आतल्या खाचेत बसते. इथे कापडाची जाडी महत्त्वाची ठरते. सीटच्या फळीभोवती दर बाजूला साधारण २ ते ३ मिमी मोकळी जागा असते आणि तेवढ्यातच कापड मावायला हवं. जाड शनील किंवा जाड लेदर लावून सीट ठोकून बसवली, तर ती आतून चौकटीला सतत ढकलत राहते आणि काही काळाने पायांचे सांधे उघडतात. जुन्या कापडावरच नवं चढवण्याची सवय या खुर्च्यांना सर्वांत जास्त नडते. जुने थर पूर्ण काढा. तरीही नवं कापड जाड पडत असेल तर फळीची कड रंध्याने थोडी कमी करून घ्या, सीट ठोकू नका.

तिसऱ्या प्रकारात कापड थेट चौकटीच्या लाकडावर खिळवलेलं असतं आणि कडेला पट्टी किंवा खिळ्यांची रांग असते. जुन्या लाकडात आधीच खूप भोकं पडलेली असतात. अशा ठिकाणी घट्ट विणीचं, मध्यम जाडीचं कापड घ्या. सैल विणीच्या कापडाचे धागे खिळ्याजवळून सरकतात. चौथा प्रकार सगळीकडून मढवलेल्या, शिवलेल्या पाठीच्या खुर्च्यांचा. त्यात शिवण येते, वळणं येतात, म्हणून कापडाला थोडी लवचीकता आणि शिवणीची ताकद दोन्ही हवं.

खालचा थर ठीक नसेल तर वरचं कापड बदलून उपयोग नाही

जुनं कव्हर काढल्यावर फोम अंगठ्याने दाबा. लगेच वर आला नाही, किंवा बोटाला पिवळी भुकटी लागली, तर तो बदला. खचलेल्या फोमवर ताणून बसवलेलं नवं कापड काही आठवड्यांत सुरकुततं, आणि दोष मात्र कापडाला दिला जातो.

फोम घेताना घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. फोम आकार किती काळ धरून ठेवेल हे तिच्यावर ठरतं. बसल्यावर किती दबतो हे कडकपणावर. जेवणाच्या खुर्चीसाठी घनता ३५ ते ४० किलो आणि स्पर्श कडकच असावा. प्लायवूडवर ५ सेंमी जाडी पुरते, वेबिंगच्या, म्हणजे चौकटीवर ताणून बसवलेल्या पट्ट्यांवर ४ सेंमी. मऊ फोम जाड करून घालण्यात अर्थ नाही, बसल्यावर तो तळाला टेकतोच. फोमची जाडी वाढली की सीटची उंचीही वाढते. सीटचा पृष्ठभाग आणि टेबलाची खालची बाजू यांत २७ ते ३० सेंमी अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर मांड्या अडकतात. हे अंतर फोम कापण्याआधी मोजा.

फोम फळीपेक्षा दर बाजूला ५ मिमी मोठा कापला की कडा भरीव दिसतात. मध्यभागी, सीटपेक्षा चारही बाजूंनी ८ ते १० सेंमी लहान असा १ सेंमी जाडीचा एक तुकडा मुख्य फोमखाली चिकटवला तर सीटला हलका फुगवटा येतो. लेदर, रेक्झीन आणि सुती कापड यांना तो हवाच, कारण ही द्रव्यं वापराने थोडी ताणली जातात आणि सपाट सीटवर मधोमध खळगा पडतो. फोमवर १५० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं पॉलिस्टर वॅडिंग, म्हणजे कापसासारखा मऊ थर पसरा. त्याने कोपरे भरतात आणि कापड थेट फोमवर घासत नाही.

कशाने पुसणार, ते कापडाच्या कोडवर बघा

अपहोल्स्ट्रीच्या बहुतेक नमुन्यांमागे सफाईचा एक कोड छापलेला असतो. डब्ल्यू म्हणजे पाण्यात कालवलेल्या सौम्य साबणाने पुसता येतं. एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, म्हणजे डाग विरघळवणारं पाणीविरहित द्रव, पाणी नाही. डब्ल्यूएस किंवा एसडब्ल्यू म्हणजे दोन्ही चालतात. एक्स म्हणजे फक्त व्हॅक्यूम आणि कोरडा ब्रश, दुसरं काहीच नाही.

रोजच्या जेवणाच्या खुर्चीसाठी डब्ल्यू किंवा डब्ल्यूएस यांपैकीच घ्या. एस कोडचं कापड घेणं म्हणजे प्रत्येक डागासाठी सॉल्व्हंटची बाटली उघडणं, आणि ते कोणी करत नाही. घाईत ओलं फडकंच फिरवलं जातं आणि कापडावर कायमची वर्तुळं उमटतात. एक्स कोडचं कापड कितीही सुंदर असलं तरी या जागेचं नाही. पाठीच्या मागच्या बाजूला हवं तर लावा.

सुटी, धुता येणारी कव्हरं हा लहान मुलांच्या घरात चांगला मार्ग आहे, फक्त आकसण्याचा विचार आधी करा. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आकसू शकतं. ६५ सेंमीच्या तुकड्यात ते २ ते ३ सेंमी झालं. ज्या तापमानाला पुढे धुणार, त्याच तापमानाला कापड शिवण्याआधी एकदा धुऊन वाळवा.

कोणतं द्रव्य कसं वागतं

पॉलिस्टर हा रोजच्या वापरासाठी सगळ्यात सुरक्षित धागा. पाणी फारसं शोषत नाही, आकसत नाही, झीज चांगली सोसतो. दोष दोन. तेल त्याला चिकटतं, म्हणून तेलकट डागावर साबण लवकर लावावा लागतो. आणि आखूड तंतूंपासून कातलेल्या पॉलिस्टरवर घर्षणाने गोळे धरतात. कापड गुळगुळीत आणि घट्ट विणीचं असेल तर हा त्रास कमी.

पॉलीप्रॉपिलीनला बाजारात ओलेफिनही म्हणतात. पाण्यावर आधारलेले डाग, म्हणजे कॉफी, रंगीत सरबत, शाई, त्याच्यावर फारसे टिकत नाहीत. तेल मात्र ते पॉलिस्टरपेक्षाही जास्त धरून ठेवतं. ते साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे त्यावर इस्त्री किंवा गरम भांडं ठेवणं म्हणजे भोकच.

रंगवण्याची पद्धत धाग्याइतकीच महत्त्वाची आहे. धागा तयार होण्याआधी, पातळ द्रव असतानाच त्यात रंग मिसळला तर तो आरपार भिनतो. अशा सोल्यूशन-डाइड कापडाचा रंग उन्हाने आणि पुसण्याने फार कमी उतरतो. बाहेरच्या फर्निचरसाठी बनणारं अ‍ॅक्रिलिक याच पद्धतीचं असतं आणि घरातल्या जेवणाच्या खुर्चीलाही ते उत्तम चालतं. त्यातली बरीच कापडं पातळ केलेल्या क्लोरीन ब्लीचनेही पुसता येतात, पण तसं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. एकच पर्याय सुचवायचा झाला तर आमची शिफारस याच गटातल्या, साध्या विणीच्या, मध्यम जाडीच्या कापडाची राहील.

सुती आणि लिननचा स्पर्श छान, हवा खेळती, उकाड्यात बसायला सुखद. पण दोन्ही डाग खोलवर शोषतात. लिननच्या धाग्यात लवचीकता फार कमी, म्हणून ताणलं गेलं की ते परत मूळ जागी येत नाही, आणि घडीच्या रेषेवर तंतू तुटतात. सीटच्या पुढच्या कडेवर नेमकी तीच घडी असते. लिननचाच लूक हवा असेल तर पॉलिस्टर मिसळलेलं घ्या.

व्हिस्कोजपासून जपा. ते रेशमासारखं चमकतं, मखमलीत आणि शनीलमध्ये भरपूर वापरलं जातं, आणि विक्रेता त्याला नैसर्गिक म्हणून पुढे करतो. ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, पाण्याच्या थेंबाने लव दबते आणि डागाभोवती कडा उमटते. नमुन्यावर तंतूंची टक्केवारी लिहिलेली असते. तिच्यात व्हिस्कोज मोठ्या प्रमाणात दिसलं तर जेवणाच्या टेबलापासून ते दूर ठेवा.

लोकर गुणाने चांगली आहे: दाबल्यावर परत उठते, सहज पेट घेत नाही, सांडलेला द्रव क्षणभर वर धरून ठेवते. मात्र तिला कसर लागू शकते, आणि गरम पाणी व जोराचं घासणं मिळालं की ती नमद्यासारखी घट्ट होते. दमट घरात ती टाळलेली बरी.

मखमलीबद्दल सरसकट भीती बाळगायचं कारण नाही. पॉलिस्टरची आखूड, दाट लवेची मखमल जेवणाच्या खुर्चीवर चांगली चालते. सांडलेलं लगेच टिपलं तर ते लवेतच असतं, तळाच्या विणीपर्यंत पोचलेलं नसतं. सुती मखमल मात्र दबून कायमची चकाकते. शनीलच्या धाग्यातले तंतू नुसते मधल्या दोऱ्यात अडकवलेले असतात, म्हणून पुढच्या कडेवर ते झडतात आणि तिथे टक्कल पडतं. बुक्ले म्हणजे कडीदार धाग्याचं कापड, त्याच्या कड्यांमध्ये अन्नाचे कण जाऊन बसतात, आणि खिशाची चेन किंवा मांजराचं नख अडकलं की धागा ओढला जातो. लांब तरंगते धागे असलेल्या जकार्डलाही, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या कापडालाही, हाच धोका.

रेक्झीन म्हणून जे मिळतं, त्यात दोन अगदी वेगळी द्रव्यं असतात

पुसायला सोपं म्हणून बरेच जण थेट रेक्झीन घेतात आणि फसतात ते इथेच. कापडी अस्तरावर पीव्हीसीचा थर असलेलं एक आणि पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचा थर असलेलं दुसरं.

पीयूचा स्पर्श मऊ, लेदरच्या जवळ जाणारा. पण स्वस्त पीयू दमट आणि उष्ण हवेत रासायनिकरीत्या तुटतं. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. वापर कमी झाला तरी हे होतं, कपाटात ठेवलेल्या तुकड्यालाही होतं. एकदा पापुद्रे सुटू लागले की दुरुस्ती नाही. टिकाऊ पीयू हवं असेल तर पॉलीकार्बोनेट प्रकारचं मागा आणि हायड्रोलिसिस, म्हणजे वाफेने तुटण्याच्या चाचणीचा आकडा विचारा. ही चाचणी ७० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्के आर्द्रतेत घेतली जाते, आणि माल किती आठवडे टिकला ते तिथे मोजतात. विक्रेत्याकडे हा आकडाच नसेल, तर तो माल दमट हवेसाठी घेऊ नका.

पीव्हीसी वाफेने असं तुटत नाही. त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य हळूहळू निघून जातं, थर कडक होतो आणि पुढच्या कडेवर, घडीवर चिरतो. अंगाचं तेल, घाम, अल्कोहोलचा सॅनिटायझर आणि तीव्र क्लीनर ही क्रिया वाढवतात. उकाड्यात पीव्हीसीला मांड्या चिकटतात हाही मोठा तोटा. तरीही रोज अनेकदा पुसायचं असेल, तर चांगल्या जाडीचं, विणलेल्या अस्तराचं पीव्हीसी स्वस्त पीयूपेक्षा जास्त भरवशाचं.

दोन्हींत फिक्या रंगाला नव्या जीन्सचा निळा रंग लागतो, आणि तो बहुधा पूर्ण निघत नाही. पांढरं किंवा क्रीम घ्यायचंच असेल तर डागरोधक वरचा थर असलेलं घ्या.

लेदरमध्ये काय विचारायचं

अनिलीन लेदरवर रंगाचा झाकणारा थर नसतो. ते सुंदर दिसतं, पण तेलाचा थेंब पिऊन टाकतं. पिगमेंटेड लेदरवर संरक्षक रंगथर असतो, ते ओल्या फडक्याने पुसता येतं, म्हणून जेवणाच्या खुर्चीला तेच घ्या. सेमी-अनिलीन दोन्हींच्या मध्ये. ओळखायला सोपं: नमुन्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभरात तो शोषला जाऊन डाग गडद झाला तर लेदर अनिलीनकडे झुकणारं आहे. जाडी १.० ते १.२ मिमी पुरते. त्याहून जाड लेदर कोपऱ्यात नीट दुमडत नाही.

बाँडेड लेदर हे लेदरचा भुगा चिकटवून, वर प्लास्टिकचा थर देऊन केलेलं असतं. नावात लेदर असलं तरी ते पापुद्र्यांनी सुटतं, कोणत्याही किमतीला घेऊ नका.

लेबलवरचे आकडे वाचताना

झिजेचा आकडा दोन पद्धतींनी देतात. मार्टिनडेल चाचणीत कापड लोकरीच्या कापडावर वळणावळणाने घासतात आणि साध्या विणीत दोन धागे तुटेपर्यंतच्या फेऱ्या मोजतात. वायझेनबीकमध्ये पुढे-मागे घासतात. दोन्हींचे आकडे एकमेकांत बदलता येत नाहीत, म्हणून तुलना करताना पद्धत एकच आहे ना ते बघा. रोजच्या जेवणाच्या खुर्चीसाठी मार्टिनडेल २५,००० किंवा अधिक, वायझेनबीक १५,००० च्या वर, आणि घरात माणसं जास्त असतील तर वायझेनबीक ३०,००० धरा. लाखाच्या आकड्यांच्या मागे लागू नका. ही चाचणी कोरडी आणि सपाट असते. शिवण उसवणं, डाग, उन्हाने उडणं, घडीवर चिरणं यांपैकी काहीच ती सांगत नाही.

बाकीचे तीन आकडे फार कमी लोक विचारतात, आणि ते जास्त उपयोगी आहेत. गोळे धरण्याची श्रेणी १ ते ५ असते, ४ किंवा वर हवी. रंग घासून निघण्याची श्रेणीही १ ते ५. कोरडी ४, ओली निदान ३ ते ४. उन्हाला टिकण्याची श्रेणी १ ते ८. खिडकीजवळच्या टेबलाला ५ किंवा जास्त.

डागरोधक फवारा किंवा लेप हा धाग्याचा गुण नाही, तो वरचा थर आहे, आणि पुसून-पुसून निघून जातो. त्याच्या भरवशावर चुकीचा धागा घेऊ नका.

नमुना आणून घरी करायच्या चाचण्या

अंगठ्याएवढ्या तुकड्यावर काही कळत नाही. निदान २० बाय २० सेंमीचा नमुना मागा, जमल्यास अर्धा मीटर विकतच घ्या. सहा खुर्च्या पुन्हा करण्यापेक्षा तो खर्च फार थोडा.

पाण्याचा एक आणि खाद्यतेलाचा एक थेंब ठेवा. दहा मिनिटांनी टिपा, दुसऱ्या दिवशी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, पूर्ण वाळू द्या. डाग गेला का हे पाहाच, पण पाण्याची कडा उमटली का हे त्याहून नीट पाहा. कडा उमटत असेल तर ते कापड रोज पुसायच्या कामाचं नाही.

ओल्या पांढऱ्या फडक्याने नमुना वीस वेळा जोराने घासा. फडक्यावर रंग आला तर तो बसणाऱ्याच्या फिक्या कपड्यांवरही येणार.

कापड दोन्ही हातांनी आडव्या आणि उभ्या धाग्यात मिनिटभर ताणून सोडा. मूळ मापाला परत आलं नाही तर सीटवर सैल पडेल. मग दोन तुकडे १.५ सेंमी आत शिवून शिवणीच्या दोन बाजूंनी ओढा. टाक्यांजवळ धागे सरकून फटी दिसल्या तर शिवलेल्या पाठीला ते घेऊ नका. सुट्या सीटला मात्र चालेल.

व्हेल्क्रोची काटेरी बाजू नमुन्यावरून हलकी ओढा. कडी उचलली गेली किंवा धागा बाहेर आला तर चेन, रिव्हेट आणि नखं हेच करणार आहेत.

उन्हाची चाचणी वेळखाऊ आहे, पण खिडकीजवळच्या खुर्च्यांसाठी चुकवू नका: नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि तीन-चार आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. आणि रंग ठरवण्याआधी नमुना सीटवर पसरून दिवसा तसंच रात्री घरच्या दिव्याखाली बघा. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात करडा दिसणारा रंग पिवळ्या दिव्याखाली हिरवट निघू शकतो. अगदी गडद आणि अगदी फिका हे दोन्ही टोकाचे रंग कण आणि डाग जास्त दाखवतात. मधल्या छटेचं, दोन-तीन रंगांचे धागे मिसळलेलं कापड सगळ्यात जास्त सांभाळून घेतं.

कापड किती लागेल

४५ बाय ४५ सेंमीची सीट, ५ सेंमी फोम, १.२ सेंमी प्लाय आणि खाली वळवायला ४ सेंमी धरले की दर बाजूला साधारण १० सेंमी वाढतात. तुकडा ६५ बाय ६५ सेंमी. अपहोल्स्ट्रीच्या कापडाचा पन्हा बहुधा १३७ ते १४० सेंमी असतो, १३७ च्या कापडात काठ सोडून १३५ हाती लागतात. एका रांगेत दोन तुकडे बसतात, सहा खुर्च्यांना तीन रांगा, म्हणजे १९५ सेंमी. सव्वादोन मीटर घ्या.

आता सीट ४८ बाय ४८ सेंमीची असेल तर तुकडा ६८ चा होतो. दोन तुकड्यांना १३६ सेंमी लागतात आणि पन्ह्यात ते मावत नाहीत. एका रांगेत एकच तुकडा, सहा रांगा, चार मीटरच्या वर. ३ सेंमीच्या फरकाने कापड दुप्पट. खालची वळवण ४ ऐवजी ३ सेंमी केली की तुकडा ६६ चा होतो आणि दोन परत मावतात. म्हणून मीटर सांगण्याआधी सगळ्यात रुंद जागी सीट मोजाच.

नक्षी असेल तर तिची पुनरावृत्ती किती सेंमीने होते ते विचारा. उभी पुनरावृत्ती ३२ सेंमी असेल आणि प्रत्येक सीटवर तेच फूल मधोमध हवं असेल, तर ६५ सेंमीच्या तुकड्याला पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे ९६ सेंमी लागतात. तीन रांगांना २८८. तोच तुकडा ६४ चा करता आला तर १९२ सेंमीत काम होतं. आडवी पुनरावृत्तीही तपासा, कारण दोन फुलांमधलं अंतर जुळत नसेल तर पन्ह्यात दोन तुकडे असूनही दुसरा मधोमध येत नाही.

मखमलीची लव सर्व सीटवर मागून पुढे आणि पाठीवर वरून खाली जाणारी ठेवा. एक तुकडा जरी उलटा कापला तरी ती खुर्ची वेगळ्याच रंगाची दिसते. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढून ठेवा.

लेदर क्षेत्रफळावर विकतात आणि त्याला पन्हा नसतो. गाईचं पूर्ण कातडं साधारण ४.५ ते ५ चौरस मीटर भरतं. वरच्या मापाच्या सहा सीटना निव्वळ २.५ चौरस मीटर लागतात, पण आकार वेडावाकडा असतो, ओरखडे आणि पोटाकडचा सैल भाग टाळावा लागतो. निव्वळ मापावर किमान तिसरा हिस्सा जास्त धरा. पुढच्या कडेवर पोटाकडचा भाग कधीच येऊ देऊ नका, तो ताणला जातो.

बसवताना द्रव्यागणिक काय बदलतं

१२ मिमी प्लायला ८ ते १० मिमी पायांचे बारीक स्टेपल पुरतात. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक, मग मधून कोपऱ्यांकडे, दर २ ते ३ सेंमीवर, आणि कोपरे शेवटी. कोपरे आधी केले तर जास्तीचं कापड मधे अडकतं आणि कडेला लाटा दिसतात. उभा धागा सीटच्या मध्यरेषेवर सरळ आहे ना, हे प्रत्येक बाजूनंतर तपासा.

पीव्हीसी, पीयू आणि लेदरमधून हवा जवळजवळ जात नाही. बसल्यावर फोममधली हवा शिवणीतून फुसफुसत निघते, कव्हर फुग्यासारखं फुगतं आणि शिवणीवर ताण येतो. प्लायमध्ये १० ते १२ मिमीची चार भोकं पाडली की हे थांबतं, आणि खालून लावायचं धूळरोधक कापडही न विणलेलं, हवा जाऊ देणारंच घ्या. पीव्हीसी थंड असताना ताणू नका. हेअर ड्रायरने कोमट करून ओढलं तर कोपरे सुरकुतीशिवाय बसतात.

शिवलेल्या पाठीसाठी पॉलिस्टरचाच मजबूत दोरा वापरा, सुती दोरा वारंवारच्या ओलाव्याने कालांतराने कुजू शकतो. कापडाला टाका ३.५ ते ४ मिमी, लेदरला ४ ते ५. लेदरवर बारीक टाके घातले तर सुईच्या भोकांची रेष तयार होते आणि लेदर नेमकं तिच्यावरच फाटतं. सीटच्या पुढच्या कडेवर पायपिंग, म्हणजे शिवणीत घातलेली दोरीची गोट, नको, सगळ्यात आधी तेच झिजतं. बटणं आणि खोल टाके म्हणजे कण साठायच्या जागा, जेवणाच्या सीटवर त्यांची गरज नाही.

सीट आणि पाठ एकाच कापडाची असायला हवी असा नियम नाही. सीट आणि पाठीची पुढची बाजू पुसता येणाऱ्या द्रव्याची, मागची बाजू आवडत्या नक्षीच्या कापडाची, ही रचना दिसायला छान आणि वापरायला शहाणी असते. मागच्या कापडाला घर्षण जवळजवळ नाहीच. फक्त हात लागतो तो वरचा काठ पुढच्या द्रव्यातच गुंडाळून घ्या.

ऑर्डर देताना

सगळं कापड एकाच ताग्यातून, एकाच रंगलॉटमधून घ्या. दोन लॉटमधली छटा ताग्यावर कळत नाही, खुर्च्या शेजारी ठेवल्या की कळते. माल आल्यावर कापण्याआधी पूर्ण उलगडून उजेडात बघा, कारण कापलेलं कापड कोणी परत घेत नाही. गरजेपेक्षा दोन सीटचं कापड जास्त घेऊन, उन्हापासून दूर, गुंडाळी करून ठेवा, घडी नको. त्यासोबत लेबल आणि सफाईचा कोडही ठेवा. आणि काम कारागिराकडे देणार असाल तर आधी एकच खुर्ची करून घ्या, दोन आठवडे तिच्यावर जेवा, पुढची कड आणि कोपरे बघा, मग उरलेल्या पाच द्या.